तेल मागत फिरणारा चिरंजीव

इंदूर मागे पडलं की खंडवा रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवर सिमरोल लागतं. माळव्याच्या पठाराच्या कडेला वसलेल्या या साध्या गावाचं नाव आता देशभर ठाऊक झालं आहे, कारण २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या आयआयटीचा कायमचा परिसर इथेच उभा राहिला. तिथे खगोलशास्त्र शिकवलं जातं, अवकाश अभियांत्रिकी शिकवली जाते. फाटकाबाहेरून कांद्याचे, उसाचे, सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस दक्षिणेकडे जात असतात. सिमरोलच्या पुढे पठार संपतं, रस्ता भेरूघाटातून चोरल नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि बडवाह, मोरटक्का, सनावद, खंडवा करत असिरगडाच्या पायथ्याशी पोहोचतो. तिथून बुऱ्हाणपूर जवळच, आणि इच्छापूर ओलांडलं की आपला खानदेश.

हा रस्ता जुना आहे. माळवा आणि दख्खन यांच्यामधली ये-जा शतकानुशतकं याच खिंडींतून झाली. १८५७ सालच्या उठावात औरंगाबादकडून निघालेली इंग्रजांची फौज असिरगडावरून येऊन सिमरोलचाच घाट चढून महूला पोहोचली होती. आणि याच पट्ट्यात, नर्मदेच्या दोन्ही तीरांवर आणि सातपुड्याच्या रानात, एक उंच माणूस हजारो वर्षं फिरतो आहे असं लोक सांगतात. त्याच्या कपाळावर भळभळती जखम आहे. तो रात्री-अपरात्री समोर येतो आणि जखमेवर लावायला तेल मागतो, हळद मागतो. त्याचं नाव अश्वत्थामा.

जगभरच्या वाचकांना शापित आणि न मरणारा म्हटलं की आठवतो तो काळ्या झग्यातला, सुळे बाहेर आलेला युरोपातला रक्तपिपासू. शतकानुशतकं शवपेटीत झोपून तो एखाद्या रात्री आजच्या गजबजलेल्या शहरात जागा होतो, अशी गोष्ट सिनेमांनी आणि मालिकांनी पुन्हा पुन्हा सांगितली. आपल्याकडेही एक न मरणारा शापित आहे आणि त्याच्याही गोष्टीच्या मध्यभागी रक्तच आहे. फरक आहे तो एवढाच की तो दुसऱ्याचं रक्त पीत नाही, त्याचं स्वतःचं वाहत असतं. हा फरक वरवरचा नाही. भेटलेल्या माणसाने त्याच्याशी कसं वागायचं, हे या फरकामुळे मुळापासून बदलतं.

महाभारतातलं सौप्तिक पर्व ज्यांनी वाचलं असेल त्यांना ती रात्र विसरता येत नाही. युद्ध संपलेलं, दुर्योधन मांड्या मोडून पडलेला. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रानात एका वडाखाली थांबले आहेत. दोघांना झोप लागते, अश्वत्थामा जागाच. झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड येऊन झडप घालतं आणि एकेकाला ठार करतं. ते पाहून त्याच्या मनात तो भयंकर विचार येतो. मग पांडवांच्या छावणीत शिरून तो झोपलेल्या धृष्टद्युम्नाला लाथांनी तुडवून मारतो. शस्त्राने मरण येऊ दे, ही त्याची विनवणीही ऐकत नाही. शिखंडीला मारतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. शेवटी उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडतो. तेव्हा त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि कृष्ण त्याला शाप देतो: तीन हजार वर्षं तू निर्जन प्रदेशात एकटा भटकशील, कुणाशी बोलणं होणार नाही, अंगाला रक्ता-पुवाची दुर्गंधी येईल, सगळे रोग तुला जडतील.

मुळात शाप तीन हजार वर्षांचा आहे, अनंतकाळाचा नाही. आपल्या पंचांगांच्या हिशेबाने कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ साली झाला. तो धरला तर ही शिक्षा इसवी सन सुरू होण्याच्या शंभर वर्षं आधीच भोगून संपली. तेल आणि हळद यांचाही त्या शापात उल्लेख नाही. म्हणजे आज सातपुड्यात जो अश्वत्थामा फिरतो तो महाभारतकारांनी अर्धाच घडवला. उरलेला अर्धा घडवला तो या रानात राहणाऱ्या, या घाटांनी चालत गेलेल्या माणसांनी. शिक्षेची मुदत त्यांनी वाढवली आणि त्याच्या हातात तेलाची वाटीही त्यांनीच दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, हे विलक्षण आहे.

असिरगड पाहिल्याशिवाय या श्रद्धेचा जोर कळत नाही. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर हा किल्ला उभा आहे. आसा अहीर नावाच्या गवळी राजावरून त्याला नाव पडलं असं सांगतात. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तो घेतला, मजबूत केला. १६०१ सालच्या जानेवारीत दीर्घ वेढ्यानंतर तो अकबराच्या हाती आला. दख्खनचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. पुढे तो शिंद्यांकडे होता. असईच्या लढाईनंतर १८०३ साली इंग्रजांनी तो एकदा घेतला, परत दिला आणि १८१९ साली कायमचा घेतला. सहाव्या शतकातल्या मौखरी राजा शर्ववर्म्याची तांब्याची मुद्राही याच ठिकाणी सापडली. एकात एक अशी तटबंदी, वर फारुकींची जामा मशीद, इंग्रजांच्या बराकींचे अवशेष, आणि एका बाजूला पाण्याच्या टाक्याजवळ गुप्तेश्वर महादेवाचं छोटं देऊळ.

सगळी गोष्ट या देवळाभोवती फिरते. पहाटे कुणी जागं व्हायच्या आत अश्वत्थामा उतावली नदीत अंघोळ करून येतो आणि पिंडीवर फूल वाहून जातो, असं आसपासच्या गावांत सांगतात. सकाळी पहिला माणूस वर पोहोचतो तेव्हा पिंडीवर ताजं फूल असतं, कधी गुलाल असतो. ज्यांनी त्याला पाहिलं ते भ्रमिष्ट झाले, अशीही समजूत आहे. हिंदी वृत्तवाहिन्यांनी कॅमेरे घेऊन किल्ल्यावर रात्री काढल्या, पण कॅमेऱ्यात कुणी सापडलं नाही. मोबाइल आल्यापासून तर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी धुक्यातली एखादी आकृती टिपतो आणि ती गावोगाव फिरते. फूल कुठून येतं याचं उत्तर कठीण नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असला तरी देवळात जायला वाट आहे, पायथ्याला वस्ती आहे आणि भल्या पहाटे गड चढून पूजा करणारी माणसं या देशात कधीच कमी नव्हती. पण एवढं सांगून विषय संपत नाही. फूल कोण ठेवतं हे शोधणं सोपं आहे. ते अश्वत्थाम्यानेच ठेवलं असं लोकांना का वाटावं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या श्रद्धेचं ठिकाण आहे नंदुरबार जिल्ह्यात. धडगाव तालुक्यातला अस्तंबा डोंगर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांच्या वर आहे आणि शिखरावर अश्वत्थामा ऋषींचं स्थान आहे. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले आदिवासी तरुण गटागटाने निघतात. तळोद्याकडून येणाऱ्यांची रांग रात्रीच्या अंधारात डोंगर चढत असते. इथला अश्वत्थामा भीतीचा विषय नाही. वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, अशी यात्रेकरूंची श्रद्धा आहे. ज्याला कृष्णाने माणसांपासून तोडलं, त्याला या डोंगरातल्या माणसांनी देव करून स्वतःच्या सणात बोलावून घेतलं.

नर्मदा परिक्रमेच्या वाटेवरही तो असाच भेटतो. टेंबे स्वामी, म्हणजे माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, नर्मदाकाठच्या रानात वाट चुकले असता अश्वत्थाम्याने त्यांना मार्ग दाखवला, असा प्रसंग त्यांच्या भक्तमंडळींत सांगितला जातो. स्वामींनी १९१४ साली नर्मदेच्या काठी गरुडेश्वरला देह ठेवला. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने मराठी माणसाला परिक्रमेची नव्याने ओढ लावली आणि शूलपाणीच्या झाडीतल्या त्या उंच पुरुषाच्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या बैठकीच्या खोल्यांत पोहोचल्या. मध्य प्रदेशातल्या एका डॉक्टरची गोष्टही नाव-गाव बदलून फिरत असते. दवाखान्यात एक रोगी येतो, कपाळावर खोल जखम. डॉक्टर औषध लावतात, टाके घालतात, पुन्हा पुन्हा पाहतात, जखम जशीच्या तशी. ते हसून म्हणतात, ‘तुम्ही अश्वत्थामा तर नाही ना?’ आणि बाटली घ्यायला वळून परत पाहतात तो खुर्ची रिकामी. गोष्ट खरी असण्याचं काही कारण नाही. तरीही तिच्यातला डॉक्टर घाबरत नाही, आधी उपचार करतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

याच डोंगरांनी आणखी एकाला मरू दिलेलं नाही. सिमरोलपासून जवळच पाताळपाणीला तंट्या भिल्लाचं ठाणं आहे. सावकार आणि इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या तंट्याला १८८९ साली जबलपूरला फाशी दिलं आणि प्रेत या घाटात आणून टाकलं असं सांगतात. तिथून जाणाऱ्या आगगाड्या कित्येक वर्षं त्याला मान द्यायला क्षणभर थांबत. तंट्या या मुलखाचा नायक, अश्वत्थामा पापी. पण दोघांनाही इथल्या माणसांनी वाटेवरचा सोबती केलं.

आता युरोपातला चुलतभाऊ पाहू. तिथला रक्तपिपासू मुळात कादंबरीतून आलेला नाही. १७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा शेतकरी वारला आणि त्यानंतर आठेक दिवसांत गावातले नऊ जण दगावले. मरताना त्यांनी सांगितलं की पेटर रात्री येऊन आमचा गळा दाबतो. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या सरकारी अधिकाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर थडगं उघडलं. प्रेत फारसं कुजलं नव्हतं, नवी नखं आल्यासारखी दिसत होती, तोंडाशी रक्त होतं. लोकांनी छातीत खुंटा ठोकला, ताजं रक्त बाहेर आलं, मग प्रेत जाळून टाकलं. अधिकाऱ्याने हे सगळं लिहून कळवलं, व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राने ते छापलं आणि युरोपभर खळबळ उडाली.

आज वैद्यकाला यातलं काहीच गूढ वाटत नाही. थंड, हवाबंद मातीत प्रेत सावकाश कुजतं. पोटात वायू साठून ते फुगतं, फुप्फुसातला रक्तमिश्रित द्रव तोंडा-नाकावाटे बाहेर येतो. वरची त्वचा आणि नखं सुटून पडली की खालचा भाग नवा वाटतो. फुगलेल्या देहात खुंटा घुसला की द्रव आणि आवाज दोन्ही बाहेर येणारच. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिने १७५५ साली आपला वैद्य गेरार्ड व्हान स्विटेन याच्याकडून असल्या प्रकारांची छाननी करून घेतली आणि प्रेतं उकरून जाळण्याला बंदी घातली. समजूत मात्र बंदीने गेली नाही. १८१९ साली जॉन पॉलिडोरी याची इंग्रजीतली पहिली गाजलेली रक्तपिपासूची कथा छापून आली, १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला, आणि खेड्यातल्या कुजक्या प्रेताचा उमराव झाला.

‘ड्रॅक्युला’ छापून येण्याच्या अवघ्या पाच वर्षं आधी, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्सिटर गावी, मर्सी ब्राउन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने वारली. आई आणि थोरली बहीण आधीच त्याच रोगाने गेलेल्या, आता भाऊ एडविन खंगत चाललेला. शेजाऱ्यांनी ठरवलं की या तिघींपैकी कुणीतरी कबरीतून त्याचं रक्त शोषतं आहे. मार्च १८९२ मध्ये प्रेतं बाहेर काढली. मर्सीचं प्रेत दोन महिने हिवाळ्याच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवलेलं, त्यामुळे तेच ताजं निघालं. तिचं हृदय काढून दगडावर जाळलं आणि राख पाण्यात कालवून औषध म्हणून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून दहा वर्षं झाली होती. ज्ञान जगात होतं, त्या घरापर्यंत पोहोचलं नव्हतं.

शापिताच्या गोष्टीमागे रोग असतो, हे मर्सीच्या हकिकतीत उघड दिसतं. अश्वत्थाम्याच्या मागेही तो शोधायला हवा, पण त्याआधी वेताळाचा हिशेब पुरा केला पाहिजे, कारण इंग्रजीत आपला रक्तपिपासू म्हणून त्याचीच ओळख करून दिली गेली. रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा वेताळाला त्याने सरळ युरोपीय रक्तपिपासूचं नाव दिलं. आपला वेताळ तसा नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो प्रेतात शिरून झाडाला लटकतो खरा. पण राजाला तो गोष्टी सांगतो, न्यायाचे पेच घालतो आणि शेवटी कपटी साधूपासून त्याचा जीव वाचवतो. या गोष्टींचा राजा तिथे उज्जैनचा नाही, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली ‘वेताळपंचविशी’ आणली आणि छापील मराठी गद्याच्या पहिल्या पिढीतच वेताळ घरोघर गेला.

कोकणात तर तो ग्रामदेव आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला, जयवंत दळवींच्या गावी, वेतोबाचं प्रसिद्ध देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात असं भाविक मानतात. गोव्यात आमोणे, लोलये, पैंगीण इथेही बेताळाची ठाणी आहेत. पुण्याच्या मधोमध असलेली टेकडीही त्याच्याच नावाची. भुतांचा राजा गावाचा रखवालदार होतो, ही आपल्या लोकमानसाची रीत आहे. खरा पाश्चात्त्य वळणाचा रक्तपिपासू मराठीत आणला तो नारायण धारप यांनी; त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. वाचकांनी ती आवडीने वाचली, अजून वाचतात. पण त्या रक्तपिपासूचं देऊळ कुठे झालं नाही आणि त्याला कुणी तेल घातलं नाही.

अश्वत्थाम्याचा शाप पुन्हा वाचला की त्यातला रोग दिसू लागतो. न भरणारी जखम, पू, दुर्गंधी, गावाबाहेर निर्जनात राहणं, कुणी न बोलणं. जुन्या काळी ज्याला महारोग म्हणत त्या कुष्ठरोग्याच्या वाट्याला हेच आयुष्य येत होतं. कुष्ठरोगाचा जंतू चेतातंतूंवर हल्ला करतो, हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, खडा रुतला, तरी कळत नाही. जखम चिघळत राहते आणि वर्षानुवर्षं भरत नाही. नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सनने १८७३ साली हा जंतू दाखवून दिला, तोवर अनेक ठिकाणी हा रोग पापाचं फळ मानला जाई. महाभारतकारांच्या मनात हाच रोग होता असं सिद्ध करता येणार नाही. पण ज्या पिढ्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनी कपाळ झाकलेली, घोंगडी पांघरलेली, वस्तीच्या कडेने जाणारी माणसं प्रत्यक्ष पाहिली होती. संध्याकाळच्या अंधारात असा कुणी दारात येऊन तेल मागू लागला, तर त्याला अश्वत्थामा समजणं अगदी स्वाभाविक होतं.

आणि तो मागतो काय, तर तेल आणि हळद. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असलेला, जखमेवरचा पहिला उपाय. हा उपाय किती जुना आणि किती सार्वजनिक आहे याचा निवाडा अलीकडे जागतिक पातळीवर झाला. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या वापराचं पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे सादर करून हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे हे दाखवलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. जे घराघरात ठाऊक आहे तेच लोकांनी शापिताच्या तोंडी घातलं. गावातल्या गरिबातल्या गरिबालाही देता येईल अशीच वस्तू तो मागतो.

गर्भावर अस्त्र सोडणाऱ्याला लोकांनी अशी सवलत का दिली असेल? भागवतात एक प्रसंग आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो. पाच मुलं गेलेली ती आई म्हणते, याला सोडा. मी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. सूडाच्या इतक्या मोठ्या कथेत हा एक क्षण आहे आणि तो पुरेसा आहे. तेल देणारी माणसं द्रौपदीच्याच बाजूने उभी राहिली असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

२०२४ साली आलेल्या ‘कल्की २८९८ एडी’ या सिनेमात अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थामा उभा केला. युद्धाला सहा हजार वर्षं झाल्यावर, सगळं पाणी आणि हिरवळ आटलेल्या काशीत, हा शापित पुन्हा उठतो आणि एका गर्भवतीचं रक्षण करतो. ज्याने गर्भावर घाला घातला त्याने गर्भ राखावा, ही कल्पना परंपरेतली नाही, पण परंपरेच्या मनातली नक्कीच आहे. या भूमिकेची पहिली झलक नर्मदेच्या काठी नेमावरला दाखवली गेली. तो याच नदीकाठी अजून फिरतो हे निर्मात्यांनाही ठाऊक होतं.

इथवर आलं की आपली पाठ थोपटून घ्यावीशी वाटते: त्यांनी खुंटा ठोकला, आम्ही तेल दिलं. तसं करणं खोटेपणाचं होईल. गोष्टीतल्या शापिताला तेल देणाऱ्या याच समाजाने प्रत्यक्षातल्या कुष्ठरोग्याला विहिरीवर येऊ दिलं नाही, देवळाच्या पायरीवर बसवलं, मुला-बाळांसकट घराबाहेर काढलं. इंग्रजांनी १८९८ साली केलेला कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा आपण २०१६ सालापर्यंत रद्द केला नव्हता. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. ते २०१९ साली काढलं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारलं, बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन घेऊन बसले, तेव्हा त्यांच्याबरोबर राहायला माणसं रांग लावून आली नाहीत. बाबांचं सगळं म्हणणं हेच होतं की या हातांना भीक नको, काम द्या. तेल देण्याच्या पुढचं पाऊल ते होतं, आणि आपल्या गोष्टीत ते पाऊल नव्हतं.

अंधश्रद्धेचा प्रश्नही टाळता येत नाही. अश्वत्थामा दिसला म्हणून कुणी भ्रमिष्ट झालं असं गाव म्हणू लागलं, तर त्या माणसाला मानसोपचार मिळायला हवा. त्याला मांत्रिकाकडे नेणं हा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं तो महाराष्ट्रात त्यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, लागू झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. अस्तंब्याच्या यात्रेला जाण्यात किंवा असिरगडाच्या पिंडीवर फूल वाहण्यात कुणाचं नुकसान नाही. नुकसान होतं ते आजारी माणसाला शापित ठरवल्याने.

न भरणाऱ्या जखमेवर आता उपाय आहे. १९८० च्या दशकापासून कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार दिला जातो. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात, उपचार सुरू होताच थोड्याच काळात रोगी इतरांना संसर्ग देईनासा होतो, आणि रोग पूर्ण बरा होतो. भारताने २००५ साली दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला. तरी जगातले सर्वाधिक नवे कुष्ठरुग्ण अजूनही आपल्याच देशात सापडतात आणि त्यांत उशिरा आलेले, बोटं वाकलेले रुग्णही असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तळव्याला न दुखणारी जखम असेल, तर थेट जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. ओळखीतलं कुणी लाजेने हे लपवत असेल, तर त्याच्यासोबत जावं.